धुतलेला डबा

जालना, १० ऑगस्ट

आत्या,
सप्रेम जयभीम.

पोचले. माऊली कंडक्टरनं मला स्टँडवर उतरवलं, बॅग स्वतः रिक्षात ठेवली अन् वर रिक्षावाल्याला दम दिला, "आमच्या फाट्याची पोरगी हाय, बराबर नेऊन सोड." तुझ्या खानावळीतल्या फुकटच्या चहाचा एवढा तरी उपयोग झाला.

फोनची वाट बघू नको. वंदना मॅडम, म्हणजे आमच्या जुडोच्या कोच, त्यांनी आल्या आल्या सगळ्या पोरींचे मोबाईल घेऊन लोखंडी कपाटात टाकले. दिवाळीच्या सुट्टीतच मिळणार. त्याच कपाटात वजनाचा काटा पण कुलपात असतो. आल्या दिवशी तेवढा काढला, आता तो फक्त महिन्याच्या एक तारखेला निघणार. रोज काट्यावर चढणाऱ्या पोरी येड्या होतात, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून तू पत्र लिही अन् डब्याबरोबर माऊलीकडं दे. मी स्टँडवरून घेऊन येत जाईन.

आता खरी गोष्ट. माझं वजन भरलं ६१. जुडोत वजनाचे गट असतात. एक ५७ पर्यंतचा, त्याच्या वरचा ६३ पर्यंतचा. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या केंद्राची निवड आहे अन् एका गटातून एकच पोरगी राज्य स्पर्धेला जाणार. ६३ मधी तृप्ती आहे, बदनापूरची, माझ्याच खोलीत राहते. पहिल्याच दिवशी तिनं मला तीनदा आपटलं अन् तिन्ही वेळा हात देऊन उठवलं. ५७ मधी मात्र कुणीच न्हाई. मॅडम म्हणाल्या, "तेवढं उतरलीस तर जागा तुझी. पण हळूहळू उतरायचं. उपाशी राहिलेली पोरगी मला मॅटवर नको."

मला राज्याला जायचंय आत्या. दुसरं काही डोक्यात न्हाई.

अन् लाडू पाठवायचेच असतील तर थोडे पाठव.

तुझी
शिवकन्या

वडीगोद्री, १६ ऑगस्ट

चि. शिवकन्येस आत्याचा जयभीम अन् आशीर्वाद.

थोडे म्हणजे किती? माझ्या हातानं थोडं होत न्हाई, तुला माहीत हाय. ट्रकवाले माझ्याकडं काय भिंतीवरचा रंग बघायला थांबतेत का?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं अन् दोन्ही वेळा डोकं गरम झालं. चार किलो उतरवायचे म्हणती. तू काय ज्वारीचं पोतं हाय, की चार मापं काढली अन् तोंड शिवलं? तुझी आई गेली तवा तू चार वर्षांची होतीस. तुझा बाप, माझा भाऊ भिवा, तुला माझ्याकडं सोडून पुण्याला कंपनीत गेल्ता. तुझ्या फासळ्या मोजता यायच्या. रात्री तुला कुशीत घेतलं की त्या मला टोचायच्या. त्या फासळ्या मी झाकल्या, भाकरीला भाकरी लावून. अन् आता ती तुझी मॅडम त्या परत उघड्या करायला निघाली का?

तरी पण सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून राह्यले की आमची शिवा जुडो खेळते. एकानं विचारलं, जुडो म्हंजी काय. मी म्हणलं, समोरच्याला उचलायचं अन् आपटायचं. तो म्हणला, मंग त्याला जालन्याला कशाला जायला पाह्यजे. त्याला मी दुसऱ्यांदा वरण वाढलं न्हाई.

डिंकाचे लाडू, धपाटे अन् जवसाची चटणी पाठवून राह्यले. डब्यात एक पण उरला न्हाई पाह्यजे.

तुझी आत्या
दीपमाला

जालना, ३१ ऑगस्ट

आत्या,
जयभीम.

डबा मिळाला. लाडू भारी होते. धपाटे पहिल्याच दिवशी संपले. अन् चटणी तर एक नंबर, तुझ्या हाताची चव इथं कुणालाच न्हाई. डबा धुऊन माऊलीकडं दिलाय.

आमचा दिवस ऐक. उजाडायच्या आधी पळायला जातो. मंग दोरीच्या उड्या, अन् मंग छताला बांधलेल्या दोरावर चढायचं. मी अर्ध्यातच लटकून राहते. मॅडमचं वय पंचेचाळीस आहे, त्या पाय न लावता नुसत्या हातांवर वरपर्यंत जातात, वरून आमच्याशी बोलतात अन् उतरतात. पहिल्यांदा बघितलं तवा आम्ही सगळ्या पोरींनी परत दोर धरला. त्यानंतर कुणी थकले म्हणत न्हाई. संध्याकाळी एकच डाव परत परत घालायचा, हात सुजेपर्यंत.

खाण्याचं पण त्यांनी ठरवून दिलंय. सकाळी भाकरी, अंडी, मटकीची उसळ. दुपारी भाजी, वरण, ताक. दिवस मावळायच्या आत रात्रीचं जेवण, मंग काही न्हाई. साखर बंद, तळलेलं बंद. पोट भरतं आत्या, खरंच. तू काळजी करू नको.

तृप्तीनं तुला जयभीम सांगितलाय. ती तशी पाटलांची पोरगी आहे, पण माझं ऐकून ऐकून तिला सवय लागली.

तुझी
शिवकन्या

वडीगोद्री, ५ सप्टेंबर

चि. शिवकन्येस,

चटणी एक नंबर झाल्ती म्हणती.

त्या दिवशी फाट्यावर दोन लग्नाच्या गाड्या थांबल्या अन् माझी घाई झाली. चटणीत मीठ टाकायचंच राह्यलं. डबा गाडीत गेल्यावर घरातली उरलेली चटणी मी तोंडात घातली अन् थुंकली. बिनमिठाची चटणी अन् तुला ती एक नंबर लागली?

अन् डबा. शाळेत दहा वर्षं तुला डबा दिला. एक दिवस धुतला न्हाई कधी. खरकटं वाळून दगड व्हायचं अन् मी चमच्यानं खरडायचे. हा डबा आला तो असा चकचकीत की त्यात तोंड दिसावं. तवाच मला समजायला पाह्यजे होतं.

तू माझं काहीच खाल्लं न्हाई, शिवा. कुणी खाल्लं?

राग आलाय का म्हणशील तर आलाय. पण खाल्लं न्हाई म्हणून न्हाई. माझ्याशी खोटं बोललीस म्हणून. मी काय इतकी अडाणी हाय का, की पोरीनं सांगितलं आत्या मला हे नको, तर मला कळणार न्हाई?

दीपमाला

जालना, ९ सप्टेंबर

आत्या,

तुझ्या पत्राखाली नुसतं दीपमाला बघून मला रडू आलं. तृप्ती घाबरली, तिला वाटलं घरी कुणाला काही झालं.

मी खाल्लं न्हाई. लाडवाचा वास घेतला अन् झाकण लावलं. एक खाल्ला असता तर पाच खाल्ले असते, मला माझी खात्री आहे. टाकून द्यायला हात होईना. म्हणून सगळे तृप्तीला दिले. ती ६३ मधी खेळते, तिचं वजन बासष्टच्या आत असतं, तिला कसली काळजी न्हाई. रोज एक लाडू खाते अन् म्हणते, "तुझ्या आत्याच्या पाया पडायला पाह्यजे." चटणी मात्र तिनं गुपचूप बाजूला ठेवल्ती. मला काही बोलली न्हाई. आता समजलं का ते.

तुला खरं सांगायची हिंमत झाली न्हाई कारण तुझं खाणं नको म्हणणं म्हणजे तू नको म्हणल्यासारखं वाटतं. तुला दुसरं काही द्यायला येत न्हाई असं न्हाई, पण तू सगळं खाण्यातूनच देतेस. ते परत कसं पाठवू? म्हणून डबा घासून पाठवला.

भूक लागते. हे पण खरंच सांगते. संध्याकाळी खोलीत पडलं की पोटात कावळे ओरडतात अन् बाहेर कुणी कांदा परतला की डोळ्यांत पाणी येतं. पण सकाळी पळताना अंग हलकं लागतं. कालपरवा मी दोराच्या वरच्या टोकाला हात लावला.

मला माफ कर अन् पत्राखाली आत्या लिही.

शिवकन्या

वडीगोद्री, २० सप्टेंबर

माझ्या शिवास जयभीम.

परवा मी जालन्याला गेल्ते. पातेली घ्यायला. तुला सांगितलं न्हाई. पातेली घेऊन थेट तुमच्या केंद्रावर आले अन् खिडकीतून बघत उभी राह्यले. आत आले असते तर तुझ्या गळ्यात पडून रडले असते अन् त्या मॅडमसमोर माझी काय इज्जत राह्यली असती.

मी तुझ्या फासळ्या शोधायला आल्ते. त्या काही दिसल्या न्हाईत. तुझे दंड दिसले. मान दिसली, ताठ. तू एका दांडग्या पोरीच्या खाली शिरलीस, कंबर फिरवली अन् ती पोरगी हवेतून गेली. आवाज झाला तो माझ्या छातीत झाला. मंग तू हसलीस अन् लगेच परत पहिल्या जागी जाऊन उभी राह्यलीस, जणू काही झालंच न्हाई. मी ट्रकवाल्यांना तीस वर्षं जेवू घालून राह्यले, ताकदीची माणसं लई बघितली. असं नीट वापरलेलं अंग बघितलं न्हाई. मला लई अभिमान वाटला, पोरी. बाहेर चहावाल्याला मी सांगितलं, ती माझी हाय.

अन् तुझी मॅडम. घाम पुसायला तुला स्वतःचा नॅपकिन दिला तिनं. मी तिला मनात शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतल्या.

आता डब्याचं ऐक. ज्वारीच्या भाकरी हायेत, पातळ. मोड आलेल्या मटकीला तेल नुसतं दाखवलंय. चुक्याची भाजी, उकडलेली अंडी. मीठ टाकलंय, दोनदा चाखून बघितलं. हे तुझ्या मॅडमला दाखव अन् तिनं हो म्हणलं तरच खा. रोज सकाळी मी पण आता कॅनॉलपर्यंत चालून येते. गुडघे शिव्या देतेत पण पहिल्यापेक्षा कमी.

अन् वेगळ्या पुड्यात तृप्तीचे लाडू हायेत. त्या लेकराला आवडतेत तर खाऊ दे. कुणीतरी माझे लाडू खाल्ले पाह्यजेत.

तुझी आत्या, आत्या, आत्या

वडीगोद्री, २९ ऑक्टोबर

शिवा,

सुट्टी संपली अन् तुझा मोबाईल परत कपाटात गेला, म्हणून हे पत्र घाईनं लिहून राह्यले. दुपारच्या गाडीनं माऊली घेऊन येईल. उभ्या उभ्या वाच अन् थेट मॅडमकडं जा.

दिवाळीच्या सुट्टीत तू तातेरावच्या आडतीत जाऊन त्याच्या सोयाबीनच्या काट्यावर चढलीस. बरोबर ५७ भरलं. तू माझ्या गळ्यात पडलीस, मी सगळ्यांना चहा पाजला अन् तू अडीच महिन्यांनी एक करंजी खाल्लीस.

आज तातेराव जेवायला आल्ता. मी म्हणलं, तुमच्या काट्यानं आमच्या पोरीचं भलं केलं. त्याचा घास हातातच राह्यला. म्हणला, "दीपमालाबाई, पोरगी त्या जुन्या लोखंडी काट्यावर चढल्ती का?" मी म्हणलं हो. तर तो म्हणतो, त्या काट्याच्या दांडीला मागून एक नट बांधलेला असतो. माल पोत्यासकट तोलतेत ना, मंग पोत्याचं एक किलो आपोआप वजा व्हावं म्हणून. सगळ्या शेतकऱ्यांना माहीत हाय. मला पण माहीत होतं, शिवा. माझाच गहू तिथं तोलला जातो. पण तू काट्यावर उभी होतीस अन् मला पोतं आठवलंच न्हाई.

तू ५७ न्हाई. तू ५८ हायेस. परवा निवड हाय.

सांगू की नको, मला कळेना. म्हणलं, न सांगता लेकरू काट्यावर चढलं अन् सगळ्यांसमोर तोंडावर पडलं तर? पण आता तू काय करशील याची जास्त भीती वाटून राह्यली. एक किलोसाठी जिवाशी खेळू नको. हात जोडते.

डब्यात नेहमीचं सगळं हाय.

आत्या

जालना, ३१ ऑक्टोबर

आत्या,
जयभीम.

पत्र मिळालं तशी मी मॅडमकडं गेले. त्यांनी कपाट उघडलं, काटा काढला. ५८. तुझा तातेराव खरा निघाला.

मॅडम रागावल्या न्हाईत. नुसतं म्हणाल्या, "घाम काढून, पाणी सोडून एक किलो उतरेल. पण उतरलेली पोरगी उभी राहणार न्हाई. खेळायचं कशात ते तू ठरव." अन् निघून गेल्या.

मी काय केलं ते तुला लपवणार न्हाई. एका पोरीकडून रेनकोट घेतला, घातला अन् मैदानावर पळायला लागले. दोन फेऱ्या झाल्या. तोंड कोरडं पडलं. तिसऱ्या फेरीला तुझा डबा आठवला, मीठ दोनदा चाखून बघितलेला. मंग मी थांबले. रेनकोट काढला, तांब्याभर पाणी प्याले अन् पायरीवर बसून सगळी भाकरी खाल्ली. ठरवलं की ६३ मधी खेळायचं, तृप्तीशी. हरणार हे माहीत होतं, पण भरल्या पोटानं हरू.

आज सकाळी वजनं झाली. मी ५८, ६३ मधी नाव लागलं. मंग तृप्ती चढली. ६४.

कुणाला खरं वाटेना, एक तारखेला ती ६३ च्या आतच होती. तिला तर बिलकुल न्हाई. तिनं दोनदा उतरून चढून बघितलं. दिवाळीत घरचं खाणं झालं होतं, पण त्याच्या आधी दोन महिने रोज एक लाडू, आत्या. माझ्या वाटणीचा. ती भिंतीला टेकून खाली बसली. माझ्याकडं बघितलं पण न्हाई, अन् तेच मला सहन झालं न्हाई.

मॅडमनी जाहीर केलं, ६३ मधून शिवकन्या. न खेळता.

दोन तास माझ्याजवळ राज्याची जागा होती. मंग मी मॅडमकडं गेले अन् म्हणलं, मला ही जागा अशी नको. राज्याला अजून तीन आठवडे आहेत, तृप्ती तोपर्यंत एक किलो सहज उतरवेल. आमची लढत घ्या, जी जिंकेल ती जाईल. मॅडम म्हणाल्या, "नियमानं तू निवडली गेलीस. परत विचार कर." मी म्हणलं, केला.

रविवारी लढत आहे. तू रागावशील हे माहीत आहे.

शिवकन्या

वडीगोद्री, १ नोव्हेंबर

शिवा,

रागावले. काल माऊलीसमोरच तुझ्या नावानं बडबडले. हातात आलेलं कुणी परत देतं का, म्हणलं. तीन महिने त्या पोरीनं पोटाला चिमटा घेतला अन् आता दानशूर झाली. माऊलीनं चहा संपवला. शेवटी म्हणला, "आक्का, ते लाडू तुम्हीच पाठवत होता ना." मी त्याला आणखी एक चहा ओतला.

आज कॅनॉलपर्यंत चालताना सारखं ते लेकरू भिंतीला टेकून बसलेलं डोळ्यांसमोर येत होतं. माझे लाडू खाऊन बसलेलं. परत येताना राग कुठंतरी राह्यला.

तू बराबर केलंस. मला असं करता आलं असतं का, माहीत न्हाई.

डबा दोघींचा हाय. दोघी एकाच ताटात जेवा, मंग खुशाल एकमेकींना आपटा. कोपऱ्यात दोन लाडू ठेवलेत, ते लढत झाल्यावर. जिंकलीस तरी अन् हरलीस तरी. एक तुझा, एक तिचा.

आत्या

जालना, २ नोव्हेंबर

आत्या,

हरले.

चार मिनिटं झाली, कुणाचाच गुण न्हाई. मंग जादा वेळ. मी दोनदा तिच्या खाली शिरले, दुसऱ्यांदा तिचा पाय जमिनीवरून सुटला होता, सगळ्या पोरी ओरडायला लागल्या. अन् तिथंच तिनं माझा उभा पाय झाडला. छत दिसलं अन् समजलं की संपलं. तृप्तीनं हात दिला, पहिल्या दिवसासारखाच. म्हणाली, "आज तू मला खाल्लंच होतंस, थोडक्यात वाचले."

मी मॅटवर रडले न्हाई, बाथरूममधी रडले. मॅडम दाराबाहेर उभ्या होत्या. म्हणाल्या, "ऑगस्टमधी ही पोरगी तुला पंधरा सेकंदांत आपटायची. पुढच्या वर्षी ६३ मधीच खेळ. अंगावर आणखी दोन किलो ताकद चढव, खाऊन. तुझं वजन तेच आहे, आपण दोघी ५७ च्या मागं उगाच लागलो." अन् राज्याला मला पण नेणार आहेत, तृप्तीची सरावाची जोडीदार म्हणून.

तिला तीन आठवड्यांत एक किलो उतरवायचाय. कसं ते तिला मीच शिकवतेय. भाकरी पातळ, मटकी, ताक, दिवस मावळायच्या आत जेवण. लाडू बंद. ती दोन्ही लाडवांकडं अशी बघत होती की दया यावी. म्हणाली, "निदान वास तरी घेऊ दे."

वास घेऊ दिला.

डबा माऊलीकडं देतेय.

तुझी
शिवकन्या

वडीगोद्री, ३ नोव्हेंबर

माझ्या शिवास,

पत्र मी डबा उघडायच्या आधी वाचलं. हरलीस ते वाचून चुलीजवळच खाली बसले. एका ट्रकवाल्यानं विचारलं, बाई काय झालं. मी म्हणलं, माझी पोरगी राज्याला चाललीय. तो म्हणला, मंग रडता कशाला. त्याला मी तीनदा वरण वाढलं.

तुझ्या आईला मी शब्द दिल्ता की लेकराला उपाशी ठेवणार न्हाई. तेवढंच मला येत होतं. बाकीचं, ते जागा परत देणं, हरून दुसरीला शिकवणं, ते तुला कुणी शिकवलं मला माहीत न्हाई. मी तर न्हाई. पण तुझ्याकडं बघून आता मला शिकावं वाटतंय.

मंग डबा उघडला. झाकणाला आतून तुपाची बोटं लागल्ती. कोपऱ्यात डिंकाचा बारका खडा अन् लाडवाचा चुरा. दोन लाडवांचा, अन् तृप्तीला तर नुसता वास मिळाल्ता. काहीच धुतलेलं न्हवतं.

मी तो तसाच फळीवर ठेवलाय. उद्या घासते.

तुझी आत्या